ओस्तवाल शेठच्या टाकीतली झाडं

"शेठनी सांगितलंय, हे दोघं ज्याला तोंड लावणार नाहीत असं झाड द्या," असं म्हणत ड्रायव्हरने बादली आमच्या काउंटरवर ठेवली.

बादलीत एक निळा आणि एक पिवळा मासा होता. दोघंही पंजाएवढे, आणि तोंडावरून तरी कुणाचं ऐकतील असे वाटत नव्हते. धनूने वाकून पाहिलं.

"हे तर बादलीसुद्धा खातील," तो म्हणाला.

धनू म्हणजे माझा धाकटा भाऊ, धनंजय. दुकान आमच्या अण्णांचं, नगरला दिल्ली गेटाच्या आत. अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आमच्या घराण्यात मासे जाळ्यात धरायचे आणि पाटीत घालून विकायचे, हीच रीत. ते काचेत ठेवून लोकांना नुसते बघायला लावायचे हे खूळ अण्णांचं एकट्याचं. 'रस्सा कधी करणार मग?' असं भाऊबंद त्यांना दर दिवाळीला विचारायचे आणि अण्णाही दर दिवाळीला हसायचे. त्याच खुळावर त्यांनी घर चालवलं, आम्हा दोघांना शिकवलं. मी शाळा सुटली की दुकानात जायचे आणि पंपांच्या बुडबुडाटात अभ्यास करायचे. धनू शाळा सुटली की मैदानावर जायचा, आणि शाळा सुटायच्या आधीही बऱ्याचदा तिथेच असायचा.

गाळा आता आईच्या नावावर होता आणि त्याचं काय करायचं ते ठरत नव्हतं. धनूला माशांचा वास सहन व्हायचा नाही. त्याला तिथे मोबाइलचं दुकान टाकायचं होतं, कारण मोबाइल नुकते आले होते आणि जे जे नवं ते ते धनूला आवडायचं. मला ते दुकान जसं होतं तसं हवं होतं. दुसरं काहीच नको होतं. मी आईला हे सरळ सांगितलं होतं, आणि "पोरीच्या जातीनं गल्ल्यावर बसायचं?" असं तिने मला तितकंच सरळ विचारलं होतं.

अशात ही बादली आली.

ओस्तवाल शेठनी मनमाड रस्त्यावर शिर्डीला जाणाऱ्या लोकांसाठी नवं हॉटेल काढलं होतं. आत शिरल्या शिरल्या समोर भिंतभर काचेची टाकी. शेठच्या मुलाने मुंबईहून हे आफ्रिकन मासे आणून त्यात सोडले होते. रंग असे की गिऱ्हाईक चावी घ्यायचं विसरावं. पण टाकीत नुसते दगड आणि वाळू, म्हणून शेठना ती खडी फोडायच्या जागेसारखी वाटायची. त्यांनी मुंबईहूनच झाडं मागवून लावली, आणि माशांनी ती खाल्ली. पुन्हा मागवली, पुन्हा खाल्ली. शेठ जैन, हॉटेल शुद्ध शाकाहारी, आणि मासेही नेमके पाला खाणारे निघाले, यात माशांची तरी काय चूक?

"त्यांचं काम जमलं तर अख्ख्या नगरात नाव होईल," त्या दिवशी मी आईला म्हणाले. ती मेथी निवडत बसली होती.

"आन नाय जमलं तर?"

"तर धनूला गाळा देऊन टाक. मी परत एक शब्द बोलणार नाही."

आईने मेथीवरून नजर काढली. ती सहसा कुणाला शब्द देत नसे, म्हणून तिचं पुढचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं. "बरं," ती म्हणाली. "शेठचं काम नीट करून दाखव. मग दुकान तू बघ. मी काय मधी येनार नाय, धनूलाबी येऊ देनार नाय."

मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती आनंदाने लागली नाही.

पहिली अडचण पाण्याची. हॉटेलचं पाणी बोअरचं, दुकानाचंही बोअरचंच. आमच्याकडचं बोअरचं पाणी कसं असतं ते घरातल्या बायकांना विचारावं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, पातेल्याला आतून पांढरी पापडी धरते. त्या आफ्रिकन माशांना मात्र असलंच जड, क्षारांचं पाणी मानवतं. झाडांचं तसं नाही. नाजूक पानांची झाडं त्यात पिवळी पडून गळतात, आणि जी तग धरतात ती हे मासे फस्त करतात. म्हणजे पाण्याने मरणार नाही आणि माशांना आवडणार नाही, असं दोन्ही बाजूंनी निगरगट्ट झाड मला शोधायचं होतं.

धनूने पुण्याच्या बाजारातून काही झाडं आणली. लाल-हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची, दिसायला फारच देखणी.

"ही पाण्यातली नाहीत रे," मी म्हणाले. "कुंडीतली आहेत. व्यापारी पाण्यात उभी करून विकतात झालं. बुडून मरतील."

"झाड कधी बुडून मरतं का?" धनू म्हणाला. महिन्याच्या आत ती झाडं बुडून मेली. धनू म्हणाला, त्यांना नजर लागली.

मी मुळा नदीच्या पात्रातून लांब रिबिनीसारख्या पात्यांचं पाणगवत आणलं. ते पाणी आमच्याच मुलुखातलं, तेव्हा त्या गवताला क्षारांची सवय होती. दुकानातल्या टाकीत सोडलेल्या निळ्याने त्याची टोकं कुरतडली, पण गवत बुडातून फुटत राहिलं. मागच्या बाजूला लावायला ते चालणार होतं. मग जावा फर्न आणलं. पिवळ्याने त्याचं पान ओढलं, तोंडात घोळवलं आणि थुंकलं. मीही एक तुकडा चावून पाहिला. पिवळ्याचं बरोबर होतं, कडूजहर. शेवटी अनुबियास. त्याची पानं जाड, चामड्यासारखी, आणि वाढ इतकी सावकाश की बघणाऱ्याचा जीव जावा. निळा त्याच्यावर तुटून पडला, डोकं आपटलं, पुन्हा आपटलं, आणि मग जणू आपल्याला मुळात भूकच नव्हती अशा थाटात टाकीच्या दुसऱ्या बाजूला निघून गेला. मी एकटीच मोठ्याने हसले. अण्णा असायला हवे होते असं फार वाटलं.

मी ही झाडं दुकानामागच्या सिमेंटच्या हौदात, आमच्याच बोअरच्या पाण्यात अख्खा उन्हाळा वाढवली. आधीची मऊ पाण्यातली पानं गळाली. मग नवी फुटली, ती गडद आणि टणक होती. त्या हौदावर मी पोतं भिजवून सावली केली, रोज शेवाळ पुसलं. धनू येता-जाता म्हणायचा, "ताई, झाडांना टोपरं शिव आता."

जावा फर्न आणि अनुबियास या दोन्ही झाडांचं खोड आडवं वाढतं, आल्याच्या गड्ड्यासारखं. ते वाळूत पुरायचं नसतं. पुरलं की सडतं. ते दगडाला दोऱ्याने बांधायचं. दोरा कुजून जाईपर्यंत झाडाची मुळं दगडाला आपोआप धरतात, मग त्या आफ्रिकन माशांच्या बापालाही ते उपटता येत नाही. मी काळे दगड निवडले, काळा सुती दोरा घेतला आणि एकेक झाड बांधून ठेवलं.

टाकीत झाडं ठेवायला जायच्या दिवशी मी सकाळीच तयार होऊन बसले. आई दारात आली.

"तू कुठं निघाली?"

"हॉटेलात. झाडं ठेवायला."

"येडी का गं तू? तिथं वाटंचे लोक बसल्याले असत्यात. त्यांच्यापुढं बाह्या वर करून शिडीवर चढनार? धनू जाईल."

"आई, त्याला यातलं..."

"दगडं पान्यात ठेवायचीत ना? त्याला काय इंजनेरी लागती? शेठच्या डोळ्यात भरायचंय तर पोरगं गेल्यालं बरं."

मी धनूला दुकानात बसवलं आणि एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. दोरा सोडायचा नाही. वाळूत पुरायचं नाही. दगडासकट ठेवायचं, बस्स. धनूने माझ्या डोक्यावरून हात फिरवून "जी बाईसाहेब" म्हटलं आणि टेम्पोत बसला.

संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. शेठ खूश, शेठाणी खूश, हॉटेलातले वेटरसुद्धा खूश. "झकास दिसतंय," तो म्हणाला. मी बघायला येते म्हटलं तर तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात नेतो. पुढच्या आठवड्यात त्याला वेळ नव्हता, त्याच्या पुढच्या आठवड्यात शेठकडे लग्नाची गर्दी होती. मी फार आग्रह केला नाही, कारण आईने त्याच संध्याकाळी गल्ल्याची चावी माझ्या हातात ठेवली होती आणि माझं डोकं दुसऱ्याच आनंदात होतं.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. हे मी लग्न, मुलं सगळं पाहून झाल्यावर सांगतेय. मी सगळ्या टाक्या धुतल्या, काचा घासल्या, अण्णांची खुर्ची पुसून तिच्यात बसले. बायका मुलांना घेऊन यायच्या आणि माझ्याशी मोकळेपणाने बोलायच्या. 'हॉटेलातल्या टाकीची झाडं तुमचीच ना?' असं कुणी विचारलं की मी उगाच हिशेबाच्या कागदांत डोकं घालायचे, म्हणजे चेहऱ्यावरचं हसू दिसू नये.

धनूचंही बरं चाललं होतं. शेठनी त्याला हॉटेलवर मॅनेजर म्हणून यायला सांगितलं, दसऱ्यापासून. त्याच जोरावर राहुरीहून त्याला स्थळ आलं. मुलीच्या वडिलांनी आधी नोकरीचं विचारलं, मग मुलाचं. सुपारी फुटायची तेवढी बाकी राहिली.

आणि एका सकाळी दुकानातला फोन वाजला. शेठ स्वतः बोलत होते. "बेटा, धनंजयला घेऊन ये. मासे गेले सगळे." आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

धनूच्या एम-एटीवर मागे बसून मी हॉटेलात गेले. शेठ मंदिरात गेले होते. वेटरांनी मासे बाहेर काढून फडक्यावर ठेवले होते. निळे आता निळे राहिले नव्हते. टाकीतलं पाणी गढूळ होतं आणि वास जिन्यापर्यंत येत होता. मी कुणाला न विचारता शिडीवर चढले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. मी माझ्या हातांनी बांधलेला एकही दगड तिथे नव्हता. झाडं वाळूत लावली होती, ओळीने, पालिकेच्या बागेत लावतात तशी. एकाला धरून ओढलं, तर पानं हातात आली आणि खोडाचा लगदा वाळूत राहिला. फिल्टरच्या तोंडावर सडक्या पानांचा बोळा बसला होता. फिल्टर कधीचाच गुदमरून बंद पडलेला. आमच्या त्या जड पाण्यात कुजकट घाणीचं विष जास्तच जहाल होतं. मासे त्या विषाने गेले होते.

मी खाली उतरले. "दोरे कुठेत?"

धनूने इकडेतिकडे पाहिलं. "सोडले."

"कुणी सांगितलं होतं सोडायला?"

"शेठाणी म्हणाल्या, दगडांना बँडेज बांधल्यासारखं दिसतंय. मग त्या गेल्यावर मी म्हटलं, बागेसारखं लावून टाकू. झाड म्हटल्यावर जमिनीतच लावतात ना, ताई? मला काय माहीत?"

"मी सांगितलं होतं."

"तू लई सांगती. सगळंच कुठं लक्षात राहतं?"

मला त्याच्या थोबाडीत मारायची होती. वेटर लांबून बघत होते, म्हणून राहिलं. ते वेटर नसते तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं असं मला कधीकधी वाटतं, आणि मग वाटतं, कशाने काही झालं नसतं.

शेठ संध्याकाळी भेटणार होते. आम्ही घरी आलो. धनू आईच्या पुढे बसून लहान मुलासारखा रडला. तो खरंच रडत होता. आईने त्याला पाणी दिलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं, मग त्याला आत पाठवलं आणि माझ्याकडे वळली.

"कुंदे, शेठला सांग, तू केलं म्हनून."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय.

"दोरं तूच सोडलं, तूच पुरली झाडं. असं सांग."

"आई, मी तिथे गेलेसुद्धा नाही. तूच जाऊ दिलं नाहीस."

"म्हायतीय मला. मला काय कळत नाय का?" ती माझ्याजवळ सरकली, आवाज खाली आणला. "त्याची नोकरी जाईल. नोकरी गेली की राहुरीचे लोक मागं सरतील. एकदा मोडल्याल्या पोराला परत कोन पोरगी देतं? तुझं काय हाय, तुझं दुकान घरचंय. तुला घरातनं कोन काढनारे? शेठ तुला बोलंल, चार शब्द ऐकून घे. त्याला ऐकवलं तर त्याचा जन्म जाईल."

"आणि माझं नाव?"

"तुझं नाव मला ठाऊक हाय ना? मी हाय ना! आपल्या घरात सगळ्यांना म्हायती ऱ्हाईल खरं काय ते. दुकान तुझं म्हंजे तुझं. अण्णांची शपथ घेऊ का?"

तिने शपथ घेतली नाही. मीच घेऊ दिली नाही. मेलेल्या माणसाला कशाला मध्ये आणायचं, असं मी म्हणाले. माझ्यावर इतका विश्वास टाकून आईने कधी काही मागितलं नव्हतं. धनूसाठी ती सगळ्यांकडे मागायची, पण माझ्याकडे पहिल्यांदाच. मला ते थोडं बरंही वाटलं. आता त्या वाटण्याचा संताप येतो.

संध्याकाळी शेठ टाकीसमोरच्या सोफ्यावर बसले होते. टाकी रिकामी केलेली. मी हात जोडून म्हणाले, "चूक माझी झाली."

"झाडं तर धनंजयने लावली."

"नंतर मी येऊन गेले. दोरे मीच सोडले. बागेसारखं दिसावं म्हणून." धनूचे शब्द माझ्या तोंडात तयारच होते.

शेठनी रिकाम्या टाकीकडे बोट दाखवलं. "आम्ही दिव्यावर पतंग येऊन मरू नये म्हणून अंधाराआधी जेवतो, बेटा," ते म्हणाले. "आणि माझ्या दारात एवढे जीव तडफडून गेले. पाप तुझं, पण दार माझं. आज मी अन्नाला हात लावणार नाही."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सहज गिळल्या असत्या. माझ्या खोट्यासाठी एक म्हातारा माणूस उपाशी झोपणार होता. मी खरं बोलायला तोंड उघडलं. माझ्याआधी धनू बोलला.

"शेठ, मी तिला सांगितलं होतं," तो म्हणाला. "दोरा सोडू नको, वाळूत पुरू नको, सडेल. पण ती ऐकत नाही."

माझंच वाक्य, त्याने विसरलेलं, नेमकं आता त्याला शब्दन्‌शब्द आठवलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो शेठकडे पाहत होता. शेठ म्हणाले, "धनंजय, तुझं काही नाही त्यात. तू दसऱ्याला ये." मग मला म्हणाले, "तुझा हात पुन्हा माझ्या टाकीला नको, बेटा. दुसऱ्याच्या टाकीलाही लावू नकोस, जमलं तर."

शेठ कुणाविषयी वाईट बोलणारे नव्हते. कुणी विचारलं तर जे घडलं ते सांगायचे, इतकंच. पण मंदिरात विचारलं, पेढीवर विचारलं, आणि नगर काही फार मोठं नव्हतं. मोठमोठ्या गोष्टी लोक विसरतात, असलं मात्र विसरत नाहीत. एक बाई आदल्या दिवशी नेलेले गोल्डफिश परत घेऊन आली, धडधाकट. "नको बाई," म्हणाली, "आमच्या घरी लहान मूल आहे." माशांचा आणि लहान मुलाचा काय संबंध ते तिलाही सांगता आलं नाही. मी मासे परत घेतले. मग येणारी माणसं कमी झाली. जी यायची ती 'धनंजय आहे का?' विचारायची.

मी ते सहन करत होते, कारण घरात खरं माहीत होतं. आईने तसं म्हटलं होतं.

मग धनूची सुपारी झाली. राहुरीची माणसं आमच्या घरी बसली होती. मुलीच्या आत्याने विषय काढला, हॉटेलात म्हणे मासे मेले होते, ते काय? मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. आईने सुस्कारा टाकला.

"आमची कुंदा," ती म्हणाली. "हौस लई, पन हाताला यश नाय. धनूनं लाख वेळा सांगितलं, बाई, दोरा सोडू नको, पुरू नको, सडंल. ऐकलं तर शपथ. सगळं त्यानं निस्तरलं. शेठपुढं हिच्यासाठी हात जोडले त्यानं."

मी तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. पाहुण्यांची पाठ वळेल, तेव्हा ती एकदा तरी माझ्याकडे बघेल आणि मला कळेल की हे फक्त सोयरिकीसाठी आहे, असं वाटत होतं. ती आत्याबाईला पुरणपोळी वाढण्यात गुंतली होती. पाहुणे गेले, भांडी घासून झाली, आणि ती मला म्हणाली, "कुंदे, गल्ल्याची चावी धनूकडं दे. लोकं तुझ्या हातचं घेत नायत, मग दुकान चालायचं कसं?"

"आई, तू शब्द दिला होतास. शेठचं काम नीट केलं तर."

"मग केलंस का?"

मी तिला म्हणाले, "आई, तुला माहीत आहे ना, कुणी केलं?" ती म्हणाली, "आता झालं गेलं. उगा उकरून काय मिळनारे?" आणि अंथरूण घालायला गेली. मी चावी कोनाड्यात ठेवली. भांडले नाही. धनूचं लग्न होऊन जाऊ दे, मग नीट बोलू, असं मी स्वतःला समजावलं.

धनूने हॉटेलची नोकरी सहा महिनेही केली नाही. शेठ फार पहाटे उठवतात म्हणाला. मग त्याने गाळ्यात मोबाइलचं दुकान टाकलं. हौद फोडायला मजूर आले तेव्हा मी तिथे होते. अनुबियास इतकं माजलं होतं की दगड दिसत नव्हते. ते सगळं गटारात गेलं. पुढे मोबाइलचं दुकानही बसलं, गाळा विकला गेला, धनू पुण्याला गेला. मी लग्न होऊन श्रीरामपूरला आले. बी-बियाणांच्या दुकानात काउंटरवर काम केलं, आताही करते. घरात मासे कधी ठेवले नाहीत.

आई गेली काही वर्षं माझ्याकडे असते. धनूचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट सारखी बंद असते, असं धनू सांगतो. आईला ऐकू कमी येतं, पण डोकं अजून लख्ख आहे. गावातल्या लग्नांच्या तिथी तिला पाठ आहेत.

परवा माझी मुलगी मधुरा कॉलेजातून आली ती मोबाइलवर फिश टँकचे फोटो दाखवत. "आई, घेऊ ना गं. बघ, आपल्या बोअरच्या पाण्यात चालणारे मासे पण असतात म्हणे."

माझी आई पलंगावर शेंगा फोडत होती. "नको गं माय," ती म्हणाली. "तुझ्या आईच्या हाताखाली मासं जगत नायत. एकदा लई पाप झालंय तिच्या हातून."

माझ्या आत काहीतरी तुटलं म्हणा, किंवा इतक्या वर्षांनी जुळलं म्हणा. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आई, ते धनूने केलं होतं. दोरे त्याने सोडले, झाडं त्याने पुरली. तू मला सांगितलंस, स्वतःवर घे. त्याची सोयरीक मोडेल म्हणालीस. आठवतंय ना?"

आई शेंग फोडायची थांबली. मी तिच्या चेहऱ्यावर काय काय शोधलं. लाज, लबाडी, निदान चिडणं. खोटं बोलणारं माणूस मला ओळखता येतं, मी आयुष्यभर काउंटरवर उभी आहे. तिच्या चेहऱ्यावर फक्त माया होती. तिने टरफलांचा हात पुसून माझ्या गालावर ठेवला.

"अगं कुंदे," ती म्हणाली, "अजून मनाला लावून घेतलंस का ते? आन त्या गरीब पोरावर कशाला ढकलतीस आता? मी तुला कवाच माफ केलंय, बाई."

ती खरं बोलत होती. तिने मला खरोखरच माफ केलं होतं, मनापासून, केव्हाच. ती माफी खोटी ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. खरं काय घडलं ते माहीत असलेले आता जगात दोघंच, एक धनू आणि एक मी.

मी मधुराकडे वळले. ती माझी बाजू घेणारी मुलगी, रिक्षावाल्याशीही माझ्यासाठी भांडणारी. ती आळीपाळीने आम्हा दोघींकडे पाहत होती. मग तिने फोन बाजूला ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, समजूत घालावी तशी म्हणाली, "आई, जाऊ दे ना. चूक कुणाकडूनही होते."